जित्या माणसाचं पान

ता. ९ जून १९३०

चि. नामा यास बाळाजीदादाचा आशीर्वाद.

कागदाच्या माथ्यावर काही लिहिलेलं नाही, ते पाहून तू आधी रागावशील. पूर्वी मी श्री लिहायचो. आता काय लिहायचं ते मिशनच्या हरेश्वर मास्तरांना विचारायचं राहिलं. चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं बरं.

मेलेल्या माणसाचा आशीर्वाद लागतो की नाही, हेही मला ठाऊक नाही. वैशाखात तू मुंबईहून आलास, आपल्या अंगणात माझ्या नावाचं मडकं फोडलंस, डोकं भादरलंस, आंघोळ केलीस आणि बोटीला गेलास. मी कुंपणापलीकडे उभा होतो. मडकं पहिल्या फटक्यात फुटलं नाही. तुला दुसऱ्यांदा आपटावं लागलं. तुझा हात हलका पडला, असं मी मनाशी धरून ठेवलं आहे. तसं नसेल तर कळवू नकोस.

आम्ही सुखात आहोत. बांधाजवळच्या खोपीत वारा चांगला लागतो. गावच्या विहिरीवर आता जाता येत नाही, पाणी लांबून आणावं लागतं. तुझी वहिनी ठमा म्हणते, तेवढंच चालणं होतं. संध्याकाळी तिला जरा कणकण असते, पण ती म्हणते उन्हाची.

तू जाताना लोकांसमोर म्हणालास, "पोर वाचलं असतं तर समजलो असतो. पोर नेलं तरी त्या मिशनच्या देवाच्याच पाया पडतोय, त्याला काय म्हणावं." त्याचं उत्तर आता लिहितो. मला ते नेहमी उशिराच सुचतं. आमचा अनंता मिशनच्या दवाखान्यात वारला, त्याला हात लावायला आपल्यातलं कोणी आलं नाही. रोगच तसा होता, मी कोणाला दोष देत नाही. तिथल्या नलूबाईंनी त्याला आईसारखं धुतलं आणि धुताना त्या रडत होत्या. दुसऱ्या दिवशी मास्तर आले. त्यांनी प्रभूच्या मरणाच्या आदल्या रात्रीची गोष्ट वाचून दाखवली. बागेत तो भ्याला होता, नामा. घामाने निथळत होता. सोबत्यांना म्हणत होता, झोपू नका, माझ्याजवळ जागे राहा.

मी जन्माचा भित्रा. लहानपणी तूच मला घाबऱ्यादादा म्हणायचास. देव शूर असतात, हातात शस्त्र असतं, एवढंच मी ऐकलेलं. भ्यालेला देव पहिल्यांदा ऐकला. भ्याला, आणि तरी गेला. मला वाटलं, हा माझ्या ओळखीचा आहे.

पण माझ्यात खरा विश्वास आहे की नाही, ते मला कळत नाही. विश्वास असलेल्या माणसाला झोप लागत असणार. मला लागत नाही. मास्तरांना हे सांगितलेलं नाही.

चि. सौ. गोदूला आशीर्वाद.

बाळाजी

ता. २६ सप्टेंबर १९३०

चि. नामा यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. टपालात गहाळ झालं असेल.

सर्वपित्रीला तू गावी येऊन गेलास, घर उघडलंस, ते मला धुरावरून कळलं. मी आलो नाही. यावंसं वाटलं, मग वाटलं की तुझा विधी मोडेल, मग वाटलं की न येण्याने तुला वाटेल दादाला काही वाटत नाही. असं करता करता दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी मनुबाई कुंपणापाशी आली. ती एकटीच आमच्याशी बोलते, तेही शेळी शोधायच्या निमित्ताने. म्हणाली, "बाळाजी, तुझं पान मांडलं व्हतं नामानं. आबाच्या, आईच्या, अनंताच्या पानाला लागून. वाल व्हते, वडे व्हते, खीर व्हती."

मी विचारलं, "कावळा शिवला का?"

"सगळ्यांना शिवला. तुझ्या पानाकडं बघून मान वाकडी करून गेला. शेवटी गाईला घातलं."

ठमा आतून म्हणाली, "गाईनं तरी खाल्लं ना? का तिनंबी वाळीत टाकलंय?"

आम्ही तिघं हसलो. मग मला झोप लागली नाही. जित्या माणसाचं पान मांडल्याने काही वाईट तर होत नाही ना? मास्तर म्हणतात काही होत नाही. ते धीराचे आहेत.

अनंताच्या पानाला कावळा लगेच शिवला, हे ऐकून मला बरं वाटलं. वाटायला हवं होतं की नको, ते माहीत नाही. मुलगा प्रभूच्या घरी आहे, तिथे त्याला काही कमी नाही, असं मी रोज म्हणतो. पण त्याला वाल आवडायचे, हे तू लक्षात ठेवलंस. देव तुझं भलं करो.

ठमाची कणकण तशीच आहे. काळजीचं काही नाही.

बाळाजी

ता. १४ मार्च १९३१

चि. नामा यास आशीर्वाद.

तू आता गोदीत बोटी रिकाम्या करतोस, गावची कामं विसरला असशील, म्हणून सविस्तर लिहितो. परवा जोळ झाली. खाडीचा बांध सगळ्या गावाने मिळून धरायचा, ज्याच्या त्याच्या वाट्याला बांधाची जेवढी हद्द आली असेल तेवढी त्याने चिखल घालून भरायची, हे आबांच्या आधीपासूनचं आहे. पंचांतला अंबाजी बांधावर उभा राहून एकेकाचं नाव घेतो. ज्याचं नाव तो "हाय" म्हणतो आणि घमेलं उचलतो.

आबा गेल्यावर पहिल्यांदा माझं नाव पुकारलं तेव्हा तू माझ्या शेजारी होतास. आवाज फुटेना म्हणून तू मला चिमटा काढलास.

परवा मी उभा होतो. आपल्या अलीकडच्या हद्दीचं नाव झालं, मग अंबाजीने पलीकडचं नाव घेतलं. मध्ये श्वासही घेतला नाही. इतक्या सफाईने ओलांडून गेला की मीच जरा वेळ चाचपडलो, आपण खरंच उभे आहोत ना.

आमची हद्द आम्ही दोघांनी भरली. ठमा दर थोड्या वेळाने बसत होती. मी पण बसत होतो, म्हणून लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खाते आहे. आमच्या हद्दीला लागून अंबाजीची हद्द. त्याच्या माणसांनी चिखल घालत आणला आणि माझ्या मातीला हात लागू नये म्हणून हातभर आधी थांबले. माझ्या हाताने त्यांची माती बाटली असं कोणी म्हणू नये म्हणून मीही हातभर आधी थांबलो. मधली हातभर जागा कोणीच भरली नाही. ती खचते आहे. तिथे चिंबोऱ्यांनी बिळं केली आहेत. मी अंबाजीला लांबून सांगितलं. तो म्हणाला, "बाळाजी, तुला जन्मभर बांधच फुटताना दिसतोय. आज कुठं फुटला?"

लोक हसले. मलाही वाटलं, खरंच असेल. पण मी रोज जाऊन बघतो. बिळात गवत कोंबतो, तेही आपल्या बाजूने.

बाळाजी

ता. २० ऑगस्ट १९३१

चि. नामा यास आशीर्वाद.

तुझा जीव निवेल अशी बातमी देतो. मी परत यायचं ठरवलं आहे.

अंबाजी काल खोपीपर्यंत आला. उंबऱ्याबाहेर छत्री धरून उभा राहिला. म्हणाला, "दिवाळीपर्यंत विचार कर. शुद्ध हो, गावाला जेवण घाल, तो रविवारचा नाद सोड. न्हायतर तुझी हद्द आन तिच्यामागचं शेत पंच दुसऱ्याला देतील. मला ते करायला बरं वाटल का? पण मग माझं काय चालत न्हाय."

त्याचाही आवाज थकलेला होता. वाईट माणूस नाही तो.

नामा, मी दमलो. ठमा महिनाभर तापाने पडून आहे. हे मी तुला लिहिलं नव्हतं. पाणी आता मी आणतो, निसरड्या वाटेने, आणि रोज वाटतं की आज पडणार. प्रार्थनेला बसलो की मन बांधावर जातं, बांधावर गेलो की मन ठमाकडे. असल्या माणसाचा विश्वास तो काय? मी पंचांना हो म्हणतो. तूही त्यांना तसं कळव.

ता. २२ ऑगस्ट

वरचा मजकूर खोडत नाही, कागद खराब दिसेल. पण पंचांना काही कळवू नकोस.

मी ठमाला सांगितलं. वाटलं, तिला हायसं वाटेल. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती वळली. म्हणाली, "ज्या हातांनी माझ्या पोराला शेवटचं धुतलं त्या हातांचा देव मी न्हाय सोडणार. तुमी खुशाल जावा. नामाभावजींना सांगा, यंदा तुमचं पान उचला आन तिथं माझं मांडा."

मी म्हटलं, "अगं, मी भितोय."

ती म्हणाली, "मग भ्या की. भ्यायला कोन नको म्हनतंय? भीत भीत हितंच राहा."

म्हणून हे पत्र दोन दिवस पडून राहिलं. टाकू की नको, ते ठरत नव्हतं. टाकतो. तुझ्यापासून किती लपवू?

बाळाजी

ता. १९ ऑक्टोबर १९३१

चि. नामा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिलंच. "वहिनीच्या पाठीचं काय ते लगेच कळवणे, आणि त्या दिवशी मी यायच्या आधी काय झालं तेही लिहिणे." एवढंच, पण मी ते ठमाला दिवसभर वाचून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "पुरे, पाठीला ऐकू येत न्हाय."

पाठ बरी आहे. खरचटलेलं सुकलं. आणि नवल म्हणजे त्या दिवसानंतर ताप आलेला नाही. मास्तर म्हणतात देवाची करणी. ठमा म्हणते, खाडीचं पाणी गार होतं.

आता आधीचं सांगतो. त्या दिवशी रविवार होता आणि सर्वपित्रीही. आम्ही प्रार्थनेला जाणार होतो, पण ठमाला तेवढं चालवेना. अवसेचं उधाण भर दुपारी येणार, तेही अश्विनाच्या तोंडावरचं, वर्षातलं सगळ्यात मोठं, हे मला ठाऊक होतं. मी सारखा बांधावर जात होतो. ठमा म्हणाली, "कितींदा बघाल? बांध काय पळून जातोय?" आणि काठी घेऊन माझी थट्टा करायला मागोमाग आली. म्हणूनच ती तिथे होती.

खाडी काठोकाठ आली होती. भात निसवून दाणा भरला होता, आख्खी खार, बांधामागची सगळी शेतं, पिवळी पडायला आलेली. बांधावर चिटपाखरू नव्हतं. गावातून वड्यांचा वास येत होता. सगळे आपापल्या अंगणात कावळ्याची वाट बघत होते. आमच्या घरात पान मांडायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोघंच मोकळे.

त्या हातभर जागेतून शेताच्या बाजूला पाणी बुडबुडत होतं. मी पायाने दाबायला गेलो तर माती सरकली आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बघता बघता माणूस मावेल एवढी खांड पडली. मी नुसता उभा राहिलो. जन्मभर ज्याला भ्यालो ते समोर आलं आणि मला हात हलवता येईना.

ठमाने पेंढ्याचा भारा ओढला, खांडीत टाकला आणि त्यावर खाडीकडे पाठ करून बसली. पाणी तिच्या खांद्यावरून उडत होतं.

"जावा, गावाला सांगा."

मी म्हटलं, "तुला सोडून?"

"पानी माझ्या पाठीला हाय, तुमच्या न्हाय. जावा."

नामा, मला एक शब्दही प्रार्थना आठवेना. मास्तरांनी शिकवलेल्या सगळ्या गेल्या. मी एवढंच म्हणालो, देवा, मी भ्यालोय, आणि तूही भ्याला होतास. भीती गेली नाही. पण पाय निघाले. मी म्हातारा, मला वाळीत टाकलेलं, ज्या वाटेवर पाऊल ठेवायची बंदी त्या वाटेने मी धावत होतो आणि कोण काय म्हणेल हे मनातही आलं नाही. विश्वास असला की भीती जाते असं मी समजत होतो. तसं नाही. भीती पाठीवर असतेच. तिला घेऊन माणूस धावतो.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मी जे पाहिलं ते ऐक. अंगणात पानं मांडलेली. आबांचं, आईचं, अनंताचं उष्टं झालेलं. शेवटचं माझं, तसंच. तू ओल्या पंच्याने हात जोडून कौलांकडे बघत होतास. अंबाजी आणि आणखी चारजण पडवीत जेवायला खोळंबलेले. आणि तू म्हणत होतास, "बाळाजीदादा, ये. राग सोड. चुकलं असल तर पोटात घाल, पण येऊन जेव."

मी कुंपणाशी पोचलो होतो. वाटेत पडलो होतो, छातीपर्यंत चिखल. मी म्हणालो, "नामा, मी आलो. पण जेवायला न्हाय. खांड पडलीय. ठमा खांडीत बसलीय."

गोदूच्या हातातलं खिरीचं पातेलं पडलं. पडवीतून कोणी तरी "भूत, भूत" म्हणत माजघरात पळालं. तो कोण ते मी लिहीत नाही, तो आता माझ्याशी बोलतो. तू मात्र हललास आधी आणि तोंड उघडलंस मग. असा धावलास की मला मागे टाकलंस.

गाव लोटला. कुदळी, घमेली, कुडाच्या काठ्या, कोणाच्या कपाळावरचं गंधही वाळलं नव्हतं. रांग लागली. शेताच्या बाजूने चिखलाचे गोळे हातोहात यायला लागले. मी खांडीच्या तोंडाशी, माझ्या पुढे फक्त अंबाजी. माझ्या हातात गोळा, आणि अंबाजी त्याच्याकडे बघत राहिला. नुसता बघत. मागची रांग थांबली.

ठमा पाण्यातून म्हणाली, "अंबाजीभावजी, माती बाटती का न्हाय ते मागनं पंचात ठरवा. माझं पोट बुडालंय."

अंबाजीने गोळा घेतला. मग पुढचा घेतला. मग त्याने हात मागे केला तेव्हा वळूनही बघितलं नाही, कोणाच्या हातातून येतोय ते. तू उडी मारून ठमाच्या बाजूला पाठ लावून बसलास. तुम्ही दोघं दिरभावजय एकमेकांना खेटून बसलेले आणि पाठीमागे खाडी. हसू नकोस, पण मला ते देवळासारखं दिसलं.

पाणी फिरेपर्यंत बांध धरला गेला. माझ्या शेताचा पुढचा तुकडा खारावला, त्याचं भात गेलं. बाकी सगळी खार वाचली. त्या तुकड्याचं मला वाईट वाटतं, ते लपवत नाही.

आणि मग अंगणात परत आलो, तो प्रसंग मला रोज आठवतो. आपण सगळे बांधावर असताना कावळ्यांनी पडवीतली पंगतसुद्धा साफ केली होती. एकच पान राहिलं होतं. तू ते बघून खाली बसलास. मला वाटलं, तुला घेरी आली. तू म्हणालास, "दादा, कावळ्यालाबी ठावं व्हतं. मलाच न्हाय." आणि ते पान उचलून माझ्यापुढे केलंस. "जित्याच्या हातानं जेव."

मी जेवलो. पितरांना दाखवलेलं आपण खावं की नाही, याची मला दुसऱ्या घासाला काळजी लागली. गोदू माझ्याशी थेट बोलत नाही, डोक्यावर पदर ओढून तिने न विचारता वाल आणखी वाढले. मग मी काळजी सोडून अनंताच्या वाटणीचेही खाल्ले. नंतर मास्तरांना खरं ते सांगितलं. ते हसून म्हणाले, "पोट भरलं का?" मी म्हटलं, भरलं. ते म्हणाले, "मग आभार माना."

पत्र लिहीत जा. लहान लिहिलंस तरी चालेल.

बाळाजी

ता. १० फेब्रुवारी १९३२

आभार.

चि. नामा यास अनेक आशीर्वाद.

माथ्यावर काय लिहायचं ते शेवटी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मनात असेल ते लिहा. म्हणून वरचा शब्द लिहिला. तुला चालेल ना? नसेल तर पुढच्या वेळी कोरं ठेवीन.

ठमा बरी आहे, खरंच बरी, या वेळी लपवत नाही. विहिरीचं अजून काही ठरलेलं नाही. मनुबाई घडा भरून कुंपणावर ठेवते आणि पंच त्या वेळी आभाळ बघतात. दिवाळी आली आणि गेली, शेताचा विषय कोणी काढला नाही. मी मात्र दिवाळीभर दार वाजलं की दचकत होतो.

गेल्या आठवड्यात अंबाजी वाटेत भेटला. मी आपणहून सांगून टाकलं, "अंबाजी, मी प्रभूला सोडलेलं न्हाय. सोडणारबी न्हाय. उगाच मागनं फसवलं म्हणू नको."

तो म्हणाला, "तुला कोण विचारतंय? रविवार तुझा तुला लखलाभ. जोळ सोमवारी हाय."

सोमवारी मी पहाटेच जाऊन उभा राहिलो. ठमा घमेलं घेऊन मागे. माणसं जमली. ती हातभर जागा आता कोणती ते ओळखूही येत नाही, दोन्हीकडचा चिखल एकात एक जाऊन वाळला आहे. अंबाजी वर चढला आणि नावं घ्यायला लागला. मी मनात म्हणत होतो, घेतलं नाही तरी मी माझी हद्द भरणारच आहे, देवा, तू जवळ जागा राहा म्हणजे झालं.

अलीकडच्या हद्दीचं नाव झालं. अंबाजी थांबला. त्याने घसा खाकरला.

"बाळाजी."

आवाज फुटेना. चिमटा काढायला तू नव्हतास, तो ठमाने काढला.

मी म्हणालो, "हाय."

तुझा दादा,
बाळाजी